डाव्या पायाचा जावई

माझं लग्न जमलं ते नवऱ्याच्या डाव्या पायामुळे. पत्रिका कुणी बघितली नाही, घर बघितलं नाही, सासू कशी आहे याची चौकशी केली नाही. पाय तेवढा बघितला होता, आणि तो सगळ्या गावाने बघितला होता. मी सोडून.

हे सांगितलं की माझ्या नातसुना हसतात. म्हातारी गंमत करते असं त्यांना वाटतं. आज जुईनगरच्या स्टेशनातून बाहेर पडल्यावर समोर ज्या इमारती दिसतात, त्यांच्या खाली कुठेतरी आमचं खाजण, खाडीच्या बांधाआडची भातजमीन, आहे. त्या खाजणातलं भात निघालं की आमच्या गावचा फुटबॉल सुरू व्हायचा, हे त्यांच्या गळी उतरत नाही. हुतूतू म्हटलं तर पटतो. फुटबॉल म्हणजे टीव्हीवरचा, परदेशी पोरांचा. पण तो आमच्याकडे होता. मुंबईच्या गोदीत कामाला जाणाऱ्या आमच्या माणसांनी स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांत तो शिकून आणला, आणि खाडीकाठच्या पाच गावांना त्याचं वेड लागलं. अनवाणी खेळायचे. बांबूचे गोल, चुन्याच्या रेघा, आणि आतल्या ब्लॅडरला दहा ठिगळं लावलेला एक चामड्याचा बॉल.

वैशाखात पाच गावांचे सामने व्हायचे. सुरुवातीच्या एका साली एका गावाने मुंबईच्या गिरणीतले खेळाडू आणून उभे केले. त्यावरून डोकी फुटली. मग पाचही गावांचे पंच देवळात बसले आणि त्यांनी ठरवलं, की खेळणारा गडी गावचा मुलगा हवा, नाहीतर गावचा जावई हवा. जावई म्हणजे मुलासारखाच, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि जो जावई एकदा सासुरवाडीकडून खेळला, त्याने परत आपल्या गावाकडून खेळायचं नाही. पंचांना वाटलं, आपण भांडण मिटवलं. भांडण मिटलंही. पण पुढच्याच शिमग्यात प्रत्येक गावाने आपल्याकडे लग्नाच्या पोरी किती आहेत ते बघायला सुरुवात केली.

आमच्या गावात हे बघण्याचं काम आमच्या ओटीवर चालायचं. आबा, म्हणजे माझे वडील, मिठागरावर मुकादम होते आणि क्लबाचे सर्वेसर्वा होते. शिमगा झाला की संध्याकाळी माणसं जमायची. माझा मोठा भाऊ गोलकीपर, त्यामुळे तो खांबाला टेकून बसायचा, ओटी आबांची नसून आपलीच असल्यासारखा. गोदीत कामाला असलेला माझा काका रविवारी यायचा आणि मुंबईच्या मैदानांवर बघितलेले सामने सांगायचा. त्याने काहीही सांगितलं तरी खरं मानावं लागायचं, कारण बाकी कुणी ते बघितलेले नसायचे. मी आत सुके बोंबील निवडत बसलेली असायची. मधे कुडाची भिंत. कुडातून सगळं ऐकू येतं, आणि बाहेरच्यांना ते कधी सुचत नाही.

माझ्या लग्नाच्या आदल्या वैशाखात आम्ही शेवटचा सामना हरलो होतो. म्हणून वाद असा, की पुढचा गडी आणायचा की मागचा.

"बॅक आना," काका म्हणाला. "आपन गोल खातो. करायचं मंग बगू."

"म्हंजे मी काय तिथं झोपा काढतो?" माझा भाऊ.

"तुना कोन बोलला? तुज्या पुढं हाय कोन, ते सांग."

तळोज्याकडच्या एका मुसलमान पोराचं नाव निघालं. त्याच्यासारखा बॅक पाच गावांत नव्हता, हे सगळ्यांना कबूल होतं. पण त्याला आणायचा कसा? निकाह लावायला कोण तयार आहे, असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. हसून झाल्यावर मात्र सगळे मनापासून हळहळले. एखादा चांगला गडी केवळ धर्मामुळे हातचा जातो याचं त्यांना खरंच वाईट वाटत होतं. दुसरा एक होता, पण तो आधीच शेजारच्या गावचा जावई होऊन बसलेला.

मग खाडीपलीकडच्या त्या पोराची गोष्ट निघाली. डाव्या बाजूने पळतो, डाव्या पायाने मारतो. उजवा पाय नुसता उभं राहायला ठेवलाय. माझा भाऊ इतक्या जणांसमोर कबूल झाला, की त्याने मारलेला एक बॉल आपल्याला दिसलाच नव्हता. गोलकीपरने असं म्हणावं म्हणजे पुढे बोलायला काही उरत नाही.

"आपल्यात पोरगी कोन हाय?"

एकेक घर घेतलं. एक लहान, एकीचं ठरलेलं, एकीचा बाप तयार होणार नाही. मग काका म्हणाला, "आबा, तुमची मोठी हाय ना."

माझे हात थांबले. मग आबांचा आवाज आला.

"हाय."

तेवढंच. एवढ्या मोठ्या तोंडाच्या माणसाने माझ्या जन्माचा निकाल एका शब्दात लावला. राग मला आजही येतो, आणि तो आला की भाकरी करपते.

आई मात्र भांडली. रात्रीचं वाढताना तिने विचारलं, "घर कसा हाय त्यांचा? वर्साचा भात पिकतो का?"

"अगं, त्याचा डावा पाय बग," आबा म्हणाले.

"माजी पोरगी पायाबरूबर नांदनार हाय का?"

आबा जेवत राहिले. त्या पोराला आपल्या मिठागरावर काम देऊ, तो इथेच राहील, पोरगी डोळ्यांसमोर राहील, आणखी काय पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पोर डोळ्यांसमोर राहणार म्हटल्यावर कुठली आई भांडेल?

लग्न वैशाखाच्या तोंडावर लागलं. सामन्यांच्या आत लागायलाच हवं होतं. सगळा गाव त्यात राबला. मांडव घातला, धवलारीण आणली, तिने लग्नाची गाणी, धवले म्हटले, हळद झाली. ज्यांनी कधी आपल्या पोरीच्या लग्नात पाटाला हात लावला नव्हता असे बाप्ये पाणी भरत होते. मला वाटलं आपले केवढे लाड! त्या गडबडीत एक काम राहून गेलं. भात काढल्यावर खाजण उन्हाने तडकतं. त्याला इतक्या भेगा पडतात की लहान मुलाचा पाय आत जाईल. दरवर्षी सामन्यांच्या आधी गावचे पोरगे पाट्यांनी माती टाकून त्या भेगा बुजवायचे. त्या साली पोरगे माझ्या लग्नात होते.

नवऱ्याशी माझं पहिलं बोलणं झालं ते विहिरीवर. मी घागर उचलत होते, तो पुढे आला आणि घागर घेतली. मी म्हटलं, "मना कोनी इचारला नव्हता." मला ते कुणाला तरी सांगायचंच होतं. त्याने घागर खांद्यावर नीट बसवली आणि म्हणाला, "मना बी नाय इचारला." मग आम्ही दोघे घरापर्यंत बरोबर आलो. त्या दिवसापासून मला तो आपला वाटायला लागला. बाकी जगाने ठरवलेलं असलं तरी एवढं आमचं आम्ही ठरवलं.

पहिल्या सामन्यात त्याने दोन गोल केले. आम्ही बाया बांधावर उभ्या होतो. मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण तो डावीकडून निघाला की समोरची माणसं मागे सरकायची, ते दिसत होतं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या पाठवणीला आलं नव्हतं, कारण पाठवणी झालीच नव्हती, असं मी माझी समजूत घातली.

दुसऱ्या सामन्यात तो तसाच डावीकडून निघाला. त्याच्या वाटेत कुणी नव्हतं. बॉल पुढे होता आणि तो पळत होता, आणि एकदम तो जागच्या जागी पडला. डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत भेगेत गेला होता आणि बाकीचं अंग पुढे निघून गेलं होतं. त्याचं ओरडणं बांधापर्यंत आलं. माझा भाऊ आपला गोल उघडा टाकून मैदान ओलांडून धावत गेला. भावाबद्दल माझ्या मनात काय वाट्टेल ते असो, तेवढं मी विसरत नाही.

त्याला उचलून चिंचेखाली आणला. खेळ थांबला नाही. आम्ही हरलो.

संध्याकाळी हाडवैद्य आला. त्याने गुडघा ओढून बसवला, बांबूच्या कामट्या लावून बांधला. मी पाय धरून बसले होते. नवरा फडक्याचा बोळा दातांत धरून होता. कुडाच्या पलीकडे ओटीवर माणसं जमली होती, ती पायाची चौकशी करायला आली असतील असं मला वाटलं. केलीही चौकशी. मग काकाचा आवाज आला.

"पुढल्या साली कोन?"

नवऱ्याने तोंडातला बोळा काढला आणि ऐकू लागला. हाडवैद्यही ऐकत होता, कारण तोही आमच्याच गावचा. तिकडे एका नव्या गड्याचं चाललं होतं, त्याच्यासाठी वरच्या आळीतली पोरगी कशी आहे याचं. भेगांबद्दल कुणी बोललं नाही. पुढच्या साली मात्र त्या वेळेवर बुजवल्या.

गुडघा बसला, पण वळायचा थांबला. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन फळीवरून चालायचं तर गुडघा वळावा लागतो. तेव्हा मिठागर बंद. दिवाळीला तो खाडी ओलांडून आपल्या गावी गेला. चार दिवस राहीन म्हणाला होता, दुसऱ्याच दिवशी परत आला. तिकडच्या पारावर त्याच्या जुन्या क्लबातली माणसं बसली होती. त्यांनी त्याला बस म्हटलं नाही. "तिकरचा पावना," असं म्हणून त्याच्यासाठी चहा मागवला. स्वतःच्या गावात पाहुण्याचा चहा पिऊन आला. मी विचारलं तेव्हा कुठे त्याने हे सांगितलं.

आबा वाईट नव्हते. जावयाला उपाशी ठेवलं नाही की टाकून बोलले नाहीत. त्यांनी त्याला क्लबात काम दिलं. बॉल शिवायचं. त्याने मोच्याची आरी आणली, मेणाचा दोरा आणला, आणि ओटीच्या कोपऱ्यात पाय लांब करून तो बॉल शिवायला लागला. त्याच कोपऱ्यात बसून दरवर्षी शिमग्यानंतरची चर्चा ऐकायचा. कोण आणायचा, कोणाची पोरगी द्यायची. त्याला कुणी काही विचारत नसे. शिवलेला बॉल मात्र सगळे दाबून बघायचे.

अशी काही वर्षं गेली. मला मुलं झाली. दीर मोठा झाला, माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. तो सणावाराला होडीतून आमच्याकडे यायचा. जेवायला बसला की भात कमी पडेल अशी मला भीती वाटायची. मिशी फुटली होती, हसायचा फार. तोही आपल्या गावाकडून खेळायला लागला होता, आणि लोक म्हणायला लागले की थोरल्याचा डावा पाय होता, धाकट्याचे दोन्ही डावेच आहेत. तीन गावांचा त्याच्यावर डोळा होता. आणि आमच्या घरात माझी धाकटी बहीण लग्नाची झाली होती.

हे गणित सुटायला शाळा लागत नाही. शिमगा झाला त्याच आठवड्यात मला कळलं की आता ओटीवर काय होणार. नवऱ्यालाही कळलं होतं. त्या दिवसांत त्याने शिवलेले टाके उसवून पुन्हा शिवलेले मी बघितले.

रविवारी काका आला. त्या दिवशी वादच नव्हता. बॅक की फॉरवर्ड असं कुणी म्हटलं नाही. या गड्याला शेजारचं गाव नेईल, त्याच्या आत आपण नेला पाहिजे, एवढंच. माझा भाऊ आता खेळायचा थांबला होता, तरी खांब सोडला नव्हता. "एक भाऊ हितं हाय, दुसरा यायला काय हरकत हाय?" तो म्हणाला. "दोगी भयनी दोगा भावांना. घरचा घरात."

मी चुलीपुढे बसून ऐकत होते. बहीण माझ्या शेजारी मासे साफ करत होती, आणि तिचे हात थांबलेले मी बघितले. कुणी सांगायची गरज नव्हती, ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं.

मग काकाने वळून कोपऱ्याकडे बघितलं असावं. कारण तो म्हणाला, "जावय, तुमी सांगा. भाऊ तुमचा. खेलतो कसा?"

इतक्या वर्षांत त्या ओटीवर त्याला विचारलेला पहिला प्रश्न.

मी उठून दाराशी गेले. नवऱ्याने दोरा ओढला, दातांनी तोडला, बॉल मांडीवर फिरवून बघितला.

"चांगला हाय," तो म्हणाला. "माज्यापेक्षा चांगला."

ओटीवर आनंद झाला. कुणीतरी मांडीवर थाप मारली.

"पन त्याना फिट येते."

थाप मारणारा हात तसाच राहिला.

"कवा?" आबांनी विचारलं.

"उनात. पडतो, तोंडाला फेस येतो. आय कांदा हुंगवते तवा उठतो." नवरा खाली बघूनच बोलत होता. "भायेर बोलू नका. लग्नाचा हाय तो."

आबा उठले, ओटीच्या टोकाला गेले, परत आले. मला वाटलं आता ते म्हणतील, बरं झालं सांगितलं, माझ्या पोरीचं वाटोळं झालं असतं. ते बसले आणि म्हणाले, "दुसऱ्या हापमदी पडला तर?"

दिराला फिट येत नव्हती. लहानपणापासून कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी अंगणात बॉलचं चामडं वाळत घातलं होतं तिथे मी नवऱ्याला गाठलं. खोटं का बोललास, असं विचारलं. तो म्हणाला, "पायाबद्दल खोटा बोललो असतो तर कोनी मानला नसता. पाय सगल्यांनी बगितलाय." मग थोडा वेळ चामडं ताणत राहिला. "त्याचा गाव त्याच्याकरं राऊ दे. पाय बी राऊ दे."

मला त्याचा अभिमान वाटला. एका वाक्यात त्याने भावाला वाचवलं आणि माझ्या बहिणीलाही वाचवलं, असंच मला तेव्हा वाटलं.

क्लबाने गुपित कसं सांभाळलं ते ऐका. आमच्या माणसांनी विचार केला, की हे आपल्यालाच माहीत आहे. मग शेजारच्या गावाला माझा दीर नेऊ दे, भर सामन्यात पडू दे. म्हणून ते बाजारात, होडीत, देवळात त्याची तोंड भरून स्तुती करायला लागले. असा गडी होणे नाही, असं काका गोदीतही सांगत सुटला. शेजारच्या गावाला संशय आला. यांच्या घरात पोरगी आहे, नातं आहे, एवढी स्तुती करतात, मग नेत का नाहीत? त्यांनी आमच्यातल्या एकाला ताडी पाजली. पुढचं सांगायला नको. चैत्र संपायच्या आत पाचही गावांना कळलं.

त्या साली त्याला कुठल्याच गावाने नेलं नाही. आम्हाला हवं होतं तेवढं झालं, असं नवरा आणि मी म्हणालो. पण आमच्याकडे खेळाडू आणि जावई या दोन गोष्टी कधीच्या एक झाल्या होत्या, हे तो ओटीच्या कोपऱ्यात बसून विसरला. ज्याला गडी म्हणून कुणी नेत नाही त्याला पोरगी कोण देणार? आणि फिट येणाऱ्याला तर नाहीच नाही. पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्या साली नाही. त्याच्या गावाने त्याला उन्हात खेळवणं थांबवलं. मग खेळवणंच थांबवलं.

नवरा म्हणायचा, जाऊन सांगतो खरं काय ते. मी म्हणायची, जा. पण सांगितलं असतं तर आमची ओटी त्याच वर्षी त्याला घेऊन आली असती. सामने होऊ दे, मग सांगतो. पाऊस सरू दे, मग सांगतो. असं म्हणता म्हणता शिमगा परत यायचा आणि ओटी परत भरायची. माझ्या बहिणीचं लग्न झालं, एका ट्रक चालवणाऱ्याशी, ज्याने आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता. आई त्या लग्नात पहिल्यांदा मोकळी हसली.

मग पावणे गावाकडे कारखाने आले. खाजणात भरणी पडली, खेळायची पोरं शिफ्टला जायला लागली, आबा गेले, आणि वैशाखातले सामने कुणी बंद न करताच बंद पडले. नवऱ्याला एका कारखान्यात दारावर बसायचं काम मिळालं. तिथे गुडघा वळावा लागत नाही. ओटीवर माणसं यायची थांबली. आता खोट्याचं काहीच काम उरलं नव्हतं.

तेव्हा दीर आमच्याकडे आला, माझ्या धाकट्याच्या बारशाला. मी त्याला बऱ्याच दिवसांनी बघत होते. मिशी तीच होती. हसायचा, पण हसायच्या आधी आजूबाजूला बघायचा. होडीतून उतरताना नावाड्याने त्याला दोन्ही हातांनी धरून उतरवला, आणि त्याने धरू दिला. विहिरीच्या कडेला उभा राहिला नाही. मी चुलीशी बोलवलं तर दारातच थांबला. जेवलाही कमी.

दुपारी त्याच्यासाठी ओटीवर चटई टाकली. नवरा बॉल शिवायचा त्याच कोपऱ्यात, कारण तिथे वारा लागतो. तो आडवा व्हायच्या आधी त्याने सदऱ्याच्या खिशात हात घातला, एक कांदा काढला आणि उशाशी ठेवला. अगदी सहज, जसा कुणी चष्मा ठेवतो. साल वाळून सुटलेली होती, म्हणजे बरेच दिवस तोच कांदा खिशातून फिरत असावा.

नवरा पायरीवर बसला होता. त्याने कांद्याकडे बघितलं. मग मला वाटलं होतं त्यापेक्षा पटकन त्याने सांगून टाकलं.

"तुना फिट नाय. कवाच नव्हती. मी हितं बसून खोटा बोललो, तुना हितं आनू नये म्हनून."

दिराने ऐकून घेतलं. मला वाटलं आता तो उठेल, भावाच्या अंगावर जाईल. त्याला तो हक्क होता. मी मधे पडणार नव्हते.

तो म्हणाला, "नाय दादूस. मना येते."

"कोन बोलला?"

"आय बोलते. लहानपनी मी मिठागरावर उनात पडलेलो, ते तिच्या ध्यानात हाय. आनि मना बी कलते. उनात गेलो का डोकं हलका होतं. मंग मी जातच नाय." मग तो उठून बसला आणि त्याने भावाच्या लांब केलेल्या पायावर हात ठेवला. "तू कशाला मनाला लावून घेतस? तू सांगितलास म्हनून लोकांना कललं. मी खेलता खेलता पडलो असतो, कदाचित मेलो असतो. तुज्यामुलं वाचलो."

नवऱ्याने पुन्हा सांगितलं. देवाची शपथ घेतली, पोरांची घेतली. मीही सांगितलं. दीर आमच्या दोघांकडे बघून हसला, लोक धीर द्यायला काहीबाही बोलतात तेव्हा आजारी माणसाने हसावं तसा. "दमलो," म्हणाला, आणि कांद्याच्या बाजूला डोकं करून झोपला.

मी आत गेले. भांडी तशीच पडली होती, ती घासायला घेतली. नवरा बाहेरच होता. काही वेळाने मी हात पुसत दाराशी आले तेव्हा उन्हं कलली होती आणि ओटीवर यायला लागली होती. ती चटईच्या कडेला पोचली तसा नवरा खांबाला धरून उठला, पाय ओढत भावाच्या पलीकडे गेला, आणि उन्हाकडे पाठ करून बसला, त्याच्या तोंडावर सावली पडेल असा. ऊन सरकेल तसा तो सरकत होता. दीर उठेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.